असेट्टो कोर्सा: ई३० वर ड्रिफ्ट जमतं, मग एई८६, सुप्रा आणि आरएक्स-७ वर का फिसकटतं?

कसारा_घाट

नमस्कार मंडळी. असेट्टो कोर्सा या कार रेसिंगच्या गेममध्ये ड्रिफ्ट, म्हणजे गाडी आडवी घसरवत वळण काढणं, शिकतोय. सेकंड हँड जी२९ (लॉजिटेकचं गेमिंग स्टिअरिंग) घेतलंय, तीन पेडल आहेत, शिफ्टर वेगळा जोडलाय. गेममधल्याच 'ड्रिफ्ट' नावाच्या छोट्या ट्रॅकवर बीएमडब्ल्यू एम३ ई३० ची ड्रिफ्टवाली गाडी घेऊन सुरुवात केली आणि ती आता हातात बसली आहे. दुसरा गियर, हँडब्रेकचा झटका, रेस, उलटं स्टिअरिंग, की गाडी वळण संपेपर्यंत आडवी राहते.

मग जॅपनीज पॅकमधल्या गाड्या घेतल्या आणि गाडं अडलं. तीन गाड्यांच्या तीन तऱ्हा.

टोयोटा एई८६ ड्रिफ्ट: आडवी होते, पण अर्ध्या वळणात आपोआप सरळ होते. रेस तळाला दाबली तरी मागची चाकं सुटत नाहीत, उलट पकड घेतात.

सुप्रा ड्रिफ्ट: एकेक वळण सुटं असेल तर मस्त. पण उजवीकडून डावीकडे पलटी मारताना, म्हणजे एका बाजूचा ड्रिफ्ट दुसऱ्या बाजूला नेताना, गर्रकन फिरते. दर वेळी त्याच जागी.

माझदा आरएक्स-७ ट्यून्ड: वळणात शिरताना लोण्यासारखी. मग इंजिन बसतं, काहीच होत नाही, आणि एकदम झटका येऊन मागचा भाग निघून जातो.

तिन्ही गाड्या मी ई३० सारख्याच चालवतोय. सेटअपमध्ये काय बदलू? व्हिडिओ बघितले तर प्रत्येक जण डिफरन्शिअल पूर्ण लॉक कर (म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतील), मागच्या टायरात हवा वाढव एवढंच सांगतो. ते केलं, फरक पडला, पण अडचण तीच आहे. घरी वॅगन आर आहे, त्यामुळे मागच्या चाकांना ताकद मिळणारी खरी गाडी कधी चालवलेली नाही. नक्की काय शिकायला हवं ते कुणी नीट सांगेल का?

कोल्हापुरी_कट

भावा, मी गेमपॅडवर खेळतो, पण हे तिन्ही प्रकार बघितलेत. एई८६ ला मागे हवा वाढवच, ४० पीएसआयच्या वर ने. गाडीत ताकद नाही, मग टायरची पकड कमी केल्याशिवाय ती आडवी राहणार कशी? सुप्राला स्टिअरिंग अँगल, म्हणजे पुढची चाकं किती वळतात तो कोन, वाढव. आरएक्स-७ ला फायनल ड्राइव्ह (गियरबॉक्सनंतरचा शेवटचा गियर) छोटा कर, म्हणजे इंजिन वर फिरत राहील. सेटअप आधी लाव, हात मागून बसतो.

डँपरवाली

कोल्हापुरी_कट, आरएक्स-७ बद्दल तुझं बरोबर आहे. बाकी दोन गाड्यांबद्दल माझं मत वेगळं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी चाकणला शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या टेस्टिंगमध्ये आहे. दिवसभर माझ्यासमोर एकच प्रश्न असतो: वजन एका चाकावरून दुसऱ्यावर किती वेळात जातं. ड्रिफ्टमध्येही मला तोच प्रश्न मुळाशी दिसतो, आणि असेट्टो कोर्सा मला आवडतं ते यासाठीच, की २०१४ सालचा गेम असूनही वजनाची ही ये-जा तो प्रामाणिकपणे दाखवतो.

कसारा_घाट, तुझी वॅगन आर पुढच्या चाकांवर चालते. तिथे रेस दिली की पुढची चाकं ओढतात आणि मागची मुकाट्याने मागे येतात. आपल्याकडे बहुतेक जण अशाच गाड्यांवर शिकतात, म्हणून गाडी वळवायची ती स्टिअरिंगने हे अंगात मुरलेलं असतं. ड्रिफ्टमध्ये गाडी किती आडवी राहणार हे रेस ठरवते. स्टिअरिंगचं काम पुढची चाकं जायच्या दिशेला बघत ठेवण्यापुरतं. ई३० वर तुला हे जमलंय, कारण त्या गाडीत वजनाच्या मानाने ताकद भरपूर आहे. चुकीच्या वेळी रेस दिली तरी ती चाकं सोडते आणि तुला सावरून घेते. पुढच्या तिन्ही गाड्या एवढ्या सांभाळून घेत नाहीत. त्यांना काय हवं ते एकेक करून सांगते.

आधी एई८६. खऱ्या गाडीत १५८७ सीसीचं ४ए-जीई इंजिन, ताकद साधारण १३० अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४०० मिमी. या गाडीला रेसवर आडवी ठेवायला मुळात रेसच पुरत नाही. ती आडवी राहते ती शिरतानाच्या वेगावर. तू हँडब्रेकने सुरुवात करतोयस ना? हँडब्रेक वेग खातो, आणि ज्या भांडवलावर पूर्ण वळण काढायचं ते सुरुवातीलाच संपतं. अर्ध्या वळणात सरळ होते ती त्यामुळे.

हँडब्रेक सोड. वळणाच्या आधी गाडी क्षणभर उलट्या दिशेला ने, म्हणजे उजवं वळण असेल तर थोडी डावीकडे. वजन उजव्या बाजूच्या चाकांवर जाईल. मग रेस सोड आणि त्याच क्षणी उजवीकडे वळव. रेस सोडल्याने वजन पुढे येतं, मागचा भाग हलका होतो, आणि दाबलेल्या स्प्रिंगा सुटताना गाडीला दुसरीकडे फेकतात. याला फेंट म्हणतात. मागचा भाग निघाला की लगेच पूर्ण रेस, आणि मग ती सोडायचीच नाही. आरपीएम पडायला लागले तर रेस तशीच दाबून ठेवून क्लचला एक चटका दे. क्लच पूर्ण खाली न्यायचा नाही, इंजिन क्षणभर मोकळं सुटेल एवढाच. त्यासाठी ऑटो क्लच बंद हवा, तेवढं तपास.

अजून एक. ई३० च्या सवयीने तू उलटं स्टिअरिंग जास्त देत असणार. उलटं स्टिअरिंग जितकं जास्त, तितकी गाडी सरळ व्हायला बघते, आणि एई८६ कडे तिला परत आडवी करायची ताकद नाही. कोन लहान ठेव आणि वेग टिकव. या गाडीचं सौंदर्य त्यातच आहे. माझ्या मते असेट्टो कोर्सात यापेक्षा चांगला गुरू नाही, कारण ती फुकट काहीच देत नाही.

हिचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे, जुन्या पद्मिनीला होता तसा, फक्त इथे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. एका चाकाखाली खड्डा किंवा कडेचा दगड आला की दुसरं चाकही हलतं. म्हणून आतल्या बाजूच्या कडेवर चाक चढवू नकोस. ई३० वर ते खपतं, इथे गाडी तिथेच उडी मारून सरळ होते.

आता हवेबद्दल. मागची हवा वाढवली की पकड कमी होते हे खरं. पण एई८६ ला पुढे ढकलणारी पकडही तीच आहे. ४० च्या वर नेलंस तर गाडी आडवी राहील, पण जागच्या जागी घसरत बसेल आणि वळणाच्या शेवटी वेग उरणार नाही. थोडी वाढव, बास. सुप्राला तर उलट करायचं, मागची हवा कमी करायची. तिच्याकडे ताकद जास्तच आहे, तिला पकड हवी आहे.

सुप्रा. तुझ्या प्रश्नातली ही सगळ्यात महत्त्वाची अडचण आहे. गंमत बघ, सुप्राच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २५५० मिमी, ई३० एम३ चं २५६० च्या आसपास. म्हणजे लांबीचा प्रश्न नाही. फरक वजनात आणि टर्बोत आहे. खरी ए८० (ही सुप्राची पिढी) दीड हजार किलोच्या आसपासची, नाकात सहा सिलिंडर ओळीने असलेलं लांबलचक २जेझेड इंजिन. एवढं वजन एकदा फिरायला लागलं की थांबायला वेळ घेतं. त्यात टर्बो: तू रेस देतोस तेव्हा ताकद येत नाही, थोड्या वेळाने येते.

उजवीकडून डावीकडे पलटताना काय होतं ते हळू करून बघ. उजव्या वळणात गाडी आडवी आहे, पुढची चाकं डावीकडे बघतायत. तू रेस पूर्ण सोडतोस. वजन धाडकन पुढे येतं, मागच्या टायरांना एकदम पकड मिळते, आणि नाक डावीकडे जोरात निघतं. तू घाबरून परत रेस देतोस. टर्बोचा दाब भरेपर्यंत गाडी सरळ रेषा ओलांडून पुढे गेलेली असते, आणि नेमकी तेव्हा पूर्ण ताकद मागच्या चाकांवर येते. मागचा भाग आधीच बाहेर निघालेला, त्याला वरून धक्का. गाडी फिरते. म्हणून ती दर वेळी त्याच जागी फिरते.

याला उपाय: रेस पूर्ण सोडू नकोस, एक तृतीयांश राहू दे. त्यामुळे टर्बो झोपत नाही आणि वजनही हळू पुढे येतं. पलटी थोडी लवकर सुरू कर, ई३० ला करतोस त्याच्या आधी. नाक सरळ रेषेवर येतंय तोवर स्टिअरिंग उजवीकडे निघालेलं हवं, सरळ झाल्यावर निघून उपयोग नाही. आणि रेस परत कधी द्यायची? गाडी नव्या बाजूला टेकल्यावर. स्टिअरिंगमध्ये जडपणा परत येतो, तो हाताला कळतो. तोवर पाय आवर.

यात जी२९ चा एक भाग आहे. त्यात आत गियर आहेत, त्यामुळे स्टिअरिंग सोडून दिलं की ते आपोआप उलटं फिरतं, पण सावकाश. डायरेक्ट ड्राइव्हवाले (ज्यांचं स्टिअरिंग थेट मोटरवर बसवलेलं असतं ते) व्हिडिओत हात सोडून मोकळे होतात, ते बघून तसं करू नकोस. जी२९ ला हाताने ढकलून निम्मं फिरवावं लागतं, बाकीचं ते स्वतः फिरतं. सॉफ्टवेअरमध्ये ९०० अंशांवरून ६०० ते ७०० च्या मध्ये आण, आणि गेमच्या सेटिंगमध्येही तोच आकडा टाक. सुप्राची निम्मी अडचण इथेच सुटेल असं मला वाटतं.

आरएक्स-७ बद्दल फार लिहीत नाही, कोल्हापुरी_कटने दिशा बरोबर दाखवली आहे. १३०८ सीसीचं रोटरी इंजिन, खालच्या आरपीएमला त्यात जीव नसतो. खऱ्या एफडीमध्ये (आरएक्स-७ ची ही पिढी) दोन टर्बो एकामागून एक जागे होतात, दुसरा साधारण ४५०० आरपीएमच्या पुढे. तुला जाणवतो तो बसका आणि मग झटका म्हणजे इंजिन ताकदीच्या पट्ट्याखाली गेलं आणि परत वर आलं. तिसऱ्याऐवजी दुसरा गियर ठेव, सुई ५००० च्या खाली येऊ देऊ नकोस, पडायला लागली की क्लचचा चटका. इंजिन छोटं आणि पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे बसवलेलं असल्याने नाक हलकं आहे, गाडी चटकन फिरते. म्हणून हिला फेंटची गरज नाही. रेस सोडून वळवलं तरी पुरे.

सेटअपला हात लावायच्या आधी तिन्ही गाड्या मूळ सेटअपवर चालवून बघ. हवा, डिफरन्शिअल, स्टिअरिंग अँगल सगळं एकदम बदललं की कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. आम्ही टेस्ट रिगवरही एका वेळी एकच गोष्ट बदलतो.

कोल्हापुरी_कट

ताई, सुप्राला हवा कमी करायचं पटलं. आत्ताच बघितलं, वळणातून बाहेर पडताना गाडी नुसती धूर काढायची ते थांबलं, आता पुढे जाते. एई८६ बाबत मी अजून थोडी जास्तच ठेवीन, कारण गेमपॅडवर क्लचचा चटका तुमच्यासारखा बारीक बसत नाही. बटण म्हणजे सगळं किंवा काहीच नाही.

गेमपॅडवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो, इथे बरेच जण वाचतात. सेटिंगमध्ये स्पीड सेन्सिटिव्हिटी नावाची गोष्ट आहे, वेग वाढला की गेम स्टिअरिंग कमी वळू देतो. सर्किट रेसिंगला ते चांगलं, ड्रिफ्टला घातक. नेमकं उलटं स्टिअरिंग लागतं तेव्हाच गेम हात धरतो. ते जवळजवळ शून्यावर आणा आणि स्टिअरिंग गॅमा (काठी थोडी हलवल्यावर स्टिअरिंग किती हळुवार वळतं ते) वाढवा, म्हणजे काठी मधे असताना गाडी दचकणार नाही.

योकोहामा_लोकल

छान चर्चा. मूळचा साताऱ्याचा, सध्या जपानमध्ये. फुकुशिमातल्या निहोनमात्सुजवळ एबिसू सर्किट आहे, ड्रिफ्टवाल्यांची पंढरीच. शेजारी सफारी पार्क, आणि डोंगरावर एकाला एक लागून छोटे छोटे ट्रॅक. तिथे मी कठड्याला उभं राहून बघितलंय, म्हणून डँपरवाली यांच्या एका मुद्द्याला दुजोरा देतो. जुन्या निसान सिल्विया आणि टोयोटा चेसर चालवणाऱ्यांच्या पायाकडे लक्ष दिलं, म्हणजे इंजिनच्या आवाजाकडे, तर पलटी मारताना आवाज पूर्ण कधीच पडत नाही. खाली येतो, थरथरतो, आणि गाडी टेकल्यावर चढतो. नवशिक्या गाडीचा आवाज मात्र तुटतो. डोळे मिटूनही कळतं कोण फिरणार.

कसारा_घाट, एबिसूच्या मिनामी ट्रॅकचा मॉड (खेळाडूंनी बनवलेली गेममधली भर) मिळतो, तो नक्की घे. सरळ पट्ट्याच्या शेवटी उंचवटा आहे, तिथे गाड्या भिंतीजवळून आडव्या होत हवेत जातात. उंचवट्यावर टायरांवरचं वजनच जातं, त्यामुळे तिथे काही करायला गेलास तर गाडी ऐकत नाही. जे करायचं ते चढावर, चाकं दाबलेली असतानाच करून ठेवायचं आणि खाली टेकताना रेस चालू हवी.

आणि पलटी शिकायला चेसर जेझेडएक्स१०० चा मॉड घे. चार दरवाजांची सेडान, दोन चाकांमधलं अंतर २७३० मिमी. एवढी लांब गाडी बाजू बदलायला वेळ घेते, तेवढा वेळ तुला विचार करायला मिळतो. तिच्यावरून सुप्रावर जाणं सोपं जातं.

कसारा_घाट

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सेटअप मूळ ठेवला आणि स्टिअरिंग ६५० अंशांवर आणलं. सुप्रा आता फिरत नाही असं नाही, पण का फिरली ते प्रत्येक वेळी कळतंय. रेसचा थोडा भाग राखून ठेवायला पाय तयार नव्हता, डाव्या पायाने ब्रेकला हलका स्पर्श ठेवला तर जमतंय. हे चालेल का, की वाईट सवय लागेल?

एई८६ वर फेंट बसला तेव्हा अंगावर काटा आला. हँडब्रेक नाही, काही नाही, गाडी आपली आडवी निघाली आणि शेवटपर्यंत गेली. पण लागोपाठ फेऱ्या मारल्या की मागचे टायर तापतात आणि मग तोच फेंट जास्त होतो. तेव्हा काय करायचं?

डँपरवाली

डावा पाय ब्रेकवर ठेवणं वाईट सवय नाही, सुप्रासाठी तर ते उत्तम तंत्र आहे. रेस चालू ठेवून हलका ब्रेक दिला की इंजिनवर भार राहतो आणि टर्बोचा दाब टिकतो, शिवाय पुढच्या चाकांवर वजन येऊन नाक ऐकतं. ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी, थोडा पुढे ने, नाहीतर मागची चाकं अडखळतील. जी२९ चं ब्रेक पेडल आत रबर असल्यामुळे कडक आहे, पायाच्या बोटांनी दाबायची सवय कर. एकच अट: ज्या वळणात क्लचचा चटका लागणार तिथे डावा पाय मोकळा हवा. म्हणून एई८६ आणि आरएक्स-७ वर हे करू नकोस.

टायर तापल्यावरचं: फेंट छोटा कर, बाकी काही बदलू नकोस. गरम टायर कमी धक्क्याने सुटतो, मग पहिल्या फेरीतला मोठा झोका कशाला द्यायचा? शिरतानाचा वेग मात्र तोच ठेव, घाबरून तो कमी केलास तर अर्ध्या वळणात सरळ होण्याचा जुना त्रास परत सुरू होईल. टायरचं तापमान दाखवणारं अ‍ॅप उघडं ठेव आणि आतली कड, मधला भाग, बाहेरची कड यांत फरक किती आहे ते बघ. अखंड अ‍ॅक्सलमुळे हिच्या मागच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) फारसा बदलत नाही, त्यामुळे फक्त मधला भाग जास्त तापत असेल तर हवा जास्त आहे असं समज आणि एक-दोन पीएसआय कमी कर.